तंबाखूची चिमूट आणि मनाचा ताण

निपाणीच्या परिसरातील माणसाला तंबाखूची ओळख करून देण्याचे कारण नाही. ह्या पिकावर कित्येक घरे उभी राहिली, मुलांची शिक्षणे झाली, मुलींची लग्ने पार पडली. पुढे नोकरीधंद्याच्या निमित्ताने हुबळी, बंगळूर, हैदराबाद किंवा बडोद्यास स्थायिक झालेल्या आपल्या अनेक कुटुंबांना आजोबांची चंची आणि आजीची मिश्रीची डबी आजही आठवत असेल. काही घरांतून ती डबी आणि ती चंची अद्याप वापरात आहे, ही गोष्टही लपवून ठेवण्यासारखी नाही.

तंबाखू खाणाऱ्यास त्याचे कारण विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते : ‘चिमूटभर टाकली की डोके शांत होते.’ पिकाचा भाव पडला, कोर्टाची तारीख लागली, मुलीचे स्थळ मोडले, वरिष्ठाने चारचौघांत अपमान केला, की हात आपोआप चंचीकडे जातो. बायकांचेही तसेच. पहाटे उठून घरादाराचे काम उपसण्यापूर्वी मिश्री लावल्याखेरीज अंगात तरतरी येत नाही, असे सांगणाऱ्या गृहिणी ह्या भागात पुष्कळ आढळतात. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो हे आता सर्वांस ठाऊक आहे. तरीही ‘ते खरे हो, पण मनाला तेवढाच आधार आहे,’ असे म्हणून तो विषय बंद केला जातो. हा आधार खरा आहे काय, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे आम्ही करणार आहोत. त्यासाठी थोडा वेळ शेतात आणि बराच वेळ मेंदूत शिरावे लागेल.

विजापूरचा नजराणा

तंबाखू मूळची अमेरिकेची. पोर्तुगिजांच्या गलबतांतून ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि तेथून दख्खनमध्ये पसरली. अकबर बादशहाचा वकील असद बेग हा १६०४ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाही दरबारी आला असता त्याने ही वस्तू प्रथम पाहिली आणि रत्नजडित चिलमीसह ती आग्र्यास नेली. बादशहाने कुतूहलाने दोनचार झुरके घेताच राजवैद्याने हरकत घेतली, असा वृत्तान्त असद बेगने स्वतः लिहून ठेवला आहे. पुढे जहांगिराने १६१७ मध्ये धूम्रपानाविरुद्ध फर्मान काढले; पण फर्मानाने ती सवय सुटली नाही. बेळगावचा मुलूख त्या काळी आदिलशाहीतच मोडत होता. म्हणजे उत्तरेच्या बादशहाला तंबाखूची चव कळली ती आपल्या शेजारच्या दरबारातून!

कालांतराने निपाणी ही विडीच्या तंबाखूची मोठी बाजारपेठ झाली. गावात वखारी उभ्या राहिल्या आणि त्या वखारींतून हजारो स्त्रिया तंबाखू कुटण्याचे, चाळण्याचे, पोती भरण्याचे काम करू लागल्या. दिवसभर खकाणा नाकातोंडात जात असे आणि मजुरी तुटपुंजी होती. १९८० च्या सुमारास प्रा. सुभाष जोशी आदींच्या पुढाकाराने ह्या स्त्रिया संघटित झाल्या. त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ ह्या गटाने दीपा धनराज ह्यांच्या दिग्दर्शनाखाली १९८२ मध्ये ‘तंबाकू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट काढला. मार्च १९८१ मध्ये तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्ग अडवून ठाण मांडले. ६ एप्रिल १९८१ रोजी तेथे गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे बळी गेले. त्या दिवसाची आठवण आजही ह्या भागातील वडीलधारी माणसे हलक्या आवाजात सांगतात.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे, की ह्या भागातील माणसाचा ताण हा काही रिकामपणी सुचलेला शब्द नाही. भावाची अनिश्चितता, वखारीतील मजुरी, कर्ज, दोन राज्यांच्या सीमेवर राहण्यातील ओढाताण, हे सारे खरे आहे. म्हणूनच त्यावरचे औषध म्हणून जी वस्तू तोंडात जाते, ती खरोखर औषध आहे की नाही हे पाहणे अगत्याचे ठरते.

झाडाचाही ताण

तंबाखूचे शेत ज्यांनी केले आहे त्यांना शेंडा खुडण्याचे काम परिचित आहे. फुलोरा येण्याच्या सुमारास झाडाचा शेंडा खुडतात, नंतर बगलेतून येणारे फुटवे काढतात. तसे केले की पान जाड, वजनदार आणि ‘कडक’ होते. हा कडकपणा म्हणजे निकोटिन. हे द्रव्य पानात सापडत असले, तरी ते तयार होते मुळांत आणि तेथून वर पानांकडे जाते. शेंडा खुडला की झाडाला ती जखम वाटते. जखमेचा इशारा खाली मुळांपर्यंत पोहोचतो आणि मुळे अधिक निकोटिन बनवू लागतात. पाने कुरतडणाऱ्या अळीने हल्ला केला, तरी असेच घडते. निकोटिन हे कीटकांच्या दृष्टीने जालीम विष असल्याने झाडाचा तो स्वसंरक्षणाचा उपाय आहे.

झाडाने संकटकाळी बनवलेले हे विष माणसाच्या मेंदूत गेल्यावर त्याला ‘शांत’ कसे वाटते? ह्याचे उत्तर मेंदूतील निरोपांच्या व्यवस्थेत आहे.

निरोप पोहोचवणारी रसायने

आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोन पेशींच्या मध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. तिला चेतासंधी म्हणतात. पेशीच्या अंगातून निरोप विजेच्या रूपाने धावतो, पण फटीपाशी आल्यावर तो बहुधा तसाच पुढे जाऊ शकत नाही. पलीकडे जाण्यासाठी त्याला रसायनाचे रूप घ्यावे लागते.

हे सिद्ध करणारा प्रयोग ऑटो लोवी ह्या शास्त्रज्ञाने १९२१ मध्ये केला. प्रयोगाची कल्पना त्याला झोपेत सुचली. पहिल्या रात्री त्याने अर्धवट जागेपणी ती कागदावर खरडली. पण सकाळी स्वतःचे अक्षर त्याला लागेना. दुसऱ्या रात्री तीच कल्पना पुन्हा सुचली, तेव्हा तो तडक प्रयोगशाळेत गेला. त्याने बेडकांची दोन हृदये घेतली. पहिल्या हृदयाची गती मंदावणारी नस चेतवली आणि त्या हृदयाभोवतीचे पाणी दुसऱ्या हृदयावर सोडले. दुसऱ्याची नस कोणी चेतवलेली नव्हती, तरीही त्याची गती मंदावली. नसेतून पाण्यात उतरलेल्या कोणत्या तरी द्रव्यानेच हे घडले, हे उघड होते. ते द्रव्य म्हणजे ॲसिटिलकोलिन. ह्या कार्याबद्दल लोवी आणि हेन्री डेल ह्यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही रसायने पेशीच्या टोकाशी इवल्याशा पिशव्यांत साठवलेली असतात आणि निरोप येताच पुडीपुडीने फटीत ओतली जातात, हे पुढे बर्नार्ड कॅट्झ ह्यांच्या संशोधनाने सिद्ध झाले. त्यांनाही १९७० मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

अशा रसायनांना शास्त्रात न्यूरोट्रान्समिटर म्हणतात. आपण त्यांना निरोपे म्हणू. ॲसिटिलकोलिन, नॉरॲड्रेनलिन, डोपामिन, सेरोटोनिन अशी त्यांची नावे आहेत. पलीकडच्या पेशीवर प्रत्येक निरोप्यासाठी वेगळे ग्राहक असतात. कुलपाला त्याचीच किल्ली लागावी, तसा निरोप्या आपल्या ग्राहकात बसतो. काम झाले की तो तेथेच मोडून टाकला जातो किंवा मागे ओढून घेतला जातो. हा सारा व्यवहार सेकंदाच्या अत्यल्प भागात उरकतो.

ताण पडतो तेव्हा

संकटाची चाहूल लागताच मेंदूच्या बुडाशी असलेले पेशींचे एक छोटे केंद्र खडबडून जागे होते. त्याच्या निळसर रंगावरून शास्त्रज्ञांनी त्याला लॅटिनमध्ये ‘निळी जागा’ असेच नाव दिले आहे. तेथून मेंदूभर नॉरॲड्रेनलिन सोडले जाते. त्याच वेळी मूत्रपिंडांच्या डोक्यावरील ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन ओततात, आणि थोड्या वेळाने कॉर्टिसॉल. नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो, स्नायू ताठरतात, डोळे मोठे होतात. लढा किंवा पळा, अशी ही तयारी असते. वॉल्टर कॅनन ह्यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी तिचे वर्णन केले आणि हान्स सेल्ये ह्यांनी १९३६ पासून ‘ताण’ ही कल्पना वैद्यकात रुजवली.

माफक प्रमाणात ही तयारी हितकारकच असते. परीक्षेच्या दिवशी मुलाचे लक्ष एकाग्र होते ते तिच्यामुळेच. परंतु नॉरॲड्रेनलिन आणि डोपामिन ह्यांचा पूर फार मोठा आला, की कपाळामागील विचार करणाऱ्या भागाचे काम ढिले पडते आणि भीती व सवय ह्यांचे अंमल करणारे भाग वरचढ होतात. फार घाबरलेल्या माणसाला साधा हिशेब सुचत नाही, आणि त्याचा हात मात्र न विचारता चंचीकडे जातो, ह्याचे मर्म येथे आहे.

आणि ताण रोजचाच झाला तर? ह्या प्रश्नाचा महत्त्वाचा शोध आपल्याच राज्यात, बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. त्यांनी उंदरांना दहा दिवस रोज दोन तास जखडून ठेवले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, स्मरणाशी संबंधित भागातील पेशींच्या फांद्या आखडल्या होत्या, तर भीतीशी संबंधित भागातील पेशींच्या फांद्या उलट वाढल्या होत्या. त्यानंतर एकवीस दिवस विश्रांती दिल्यावर स्मरणाचा भाग पूर्ववत झाला. भीतीचा भाग मात्र वाढलेलाच राहिला. उंदरावरून माणसाची परीक्षा सर्वस्वी करता येत नाही हे खरे. तथापि ‘प्रसंग टळला, पण धास्ती जात नाही,’ ह्या आपल्या नेहमीच्या अनुभवाशी हे चित्र जुळते, हे कोणासही पटेल.

तोतया निरोप्या

आता चिमूट तोंडात टाकल्यावर काय घडते ते पाहू. तंबाखू चुन्याबरोबर मळण्याची रीत केवळ चवीसाठी नाही. चुन्यातील क्षारामुळे निकोटिन मोकळे होते आणि गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून झपाट्याने रक्तात शिरते. विडीच्या धुरातील निकोटिन तर दहावीस सेकंदांत मेंदूत दाखल होते. तोंडात धरलेली तंबाखू त्या मानाने सावकाश, पण अधिक वेळ पुरवठा करीत राहते.

मेंदूत गेल्यावर निकोटिन ॲसिटिलकोलिनची बतावणी करते. त्याची घडण अशी, की ॲसिटिलकोलिनच्या काही ग्राहकांत ते हुबेहूब बसते. पेशीवर असे ‘ग्रहण करणारे’ काही तरी असले पाहिजे, हा विचार इंग्रज शास्त्रज्ञ लँगली ह्यांनी १९०५ मध्ये मांडला, तोही निकोटिनच्याच प्रयोगांवरून. खरा निरोप्या क्षणार्धात मोडून टाकला जातो. हा तोतया मात्र हटत नाही. त्याच्या दडपणाने इतर पेशी आपल्या पिशव्या रिकाम्या करू लागतात. डोपामिन सुटते आणि ‘बरे वाटले’ असा निरोप जातो. नॉरॲड्रेनलिन सुटते आणि तरतरी येते. भूकही मारली जाते. उपाशीपोटी राबणाऱ्या मजुराला आणि वखारीतल्या बाईला तंबाखू का हवीशी वाटली असेल, हे ह्यावरून समजते.

येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात घ्यावी. निकोटिनमुळे ॲड्रेनलिनही वाढते, नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो. म्हणजे मन म्हणते ‘शांत झालो’ आणि त्याच घटकेला शरीर ताणाचीच सारी लक्षणे दाखवीत असते!

मग मनाला शांत का वाटते? रक्तातील निकोटिन सुमारे दोन तासांत निम्मे होते. नित्य खाणाऱ्याच्या मेंदूने ह्या भडिमाराशी जुळवून घेतलेले असते. ग्राहक वारंवार बधिर होतात म्हणून त्यांची संख्या वाढलेली असते. निकोटिन उतरू लागले, की हे वाढलेले ग्राहक रिकामे पडतात, डोपामिनची पातळी घसरते आणि माणूस अस्वस्थ होतो. चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणे, उगाच राग येणे, ही त्याची लक्षणे होत. ही लक्षणे आणि संसारातील ताणाची लक्षणे इतकी सारखी असतात, की भोगणाऱ्यास त्यांतील भेद कळत नाही. त्याला वाटते, भावाच्या काळजीने डोके भणभणले आहे. तो चिमूट घेतो, भणभण थांबते, आणि तंबाखूने काळजी हलकी केली असा त्याचा ग्रह होतो. वस्तुतः हलकी झाली ती मागल्या चिमटीने ठेवलेली बाकी. भावाची काळजी होती तेथेच आहे.

हा व्यवहार आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावयास नको. सावकाराने दिलेल्या पैशातून सावकाराचेच व्याज फेडावे आणि त्यालाच उपकारकर्ता म्हणावे, त्यातला हा प्रकार आहे.

सोडल्यावर ताण वाढतो काय?

‘सोडीन, पण आताच्या काळजीत नको, आधीच डोक्याला ताप आहे,’ असे म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांनी २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेला एक आढावा अवश्य ध्यानात घ्यावा. त्यात २६ अभ्यासांचा एकत्र विचार केला होता. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत ते सोडणाऱ्यांची चिंता, खिन्नता आणि ताण काही आठवड्यांनंतर कमी झालेले आढळले. ज्यांना आधीपासून मानसिक आजार होता, त्यांच्यातही हा लाभ दिसला. हे अभ्यास धूम्रपानाचे आहेत; परंतु चघळण्याच्या तंबाखूतील निकोटिन आणि मेंदूतील ग्राहक तेच आहेत, हे विसरू नये.

सोडल्यानंतरचे पहिले दोनतीन दिवस सर्वांत कठीण जातात. नंतर त्रास उतरत जातो आणि बहुतेकांच्या बाबतीत दोन ते चार आठवड्यांत तो ओसरतो. वाढलेले ग्राहक सहा ते बारा आठवड्यांत कधीच तंबाखू न घेणाऱ्यांच्या पातळीवर येतात, हे मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवण्यात आले आहे. एका पावसाळ्याइतक्या अवधीत मेंदू आपले घर पुन्हा नीट लावून घेतो. मधूनमधून येणारी तीव्र तलफ काही मिनिटेच टिकते. तेवढा वेळ पाणी पिणे, चार पावले चालणे, सावकाश दीर्घ श्वास घेणे, कोणाशी तरी बोलणे, ह्यांनी ती निभावून नेता येते.

घरच्या माणसांनीही एक पथ्य पाळावे. सोडणारा माणूस त्या दिवसांत चिडतो, भांडी आपटतो, क्षुल्लक कारणावरून बोलतो. ‘ह्यापेक्षा खात होतात तेच बरे होते,’ हे वाक्य अशा वेळी तोंडातून जाऊ देऊ नये. ती चीड त्याची नव्हे, उतरत्या निकोटिनची आहे. सूनबाईंनी सासूबाईंची मिश्री सोडवावयास निघताना तर अधिकच जपावे. चाळीस वर्षांची सवय उपहासाने सुटत नाही.

मदतीची सोय आता पूर्वीपेक्षा अधिक आहे. १८००-११-२३५६ ह्या राष्ट्रीय विनामूल्य दूरध्वनीवर तंबाखू सोडण्यासाठी सल्ला मिळतो. बेळगावहून धारवाड जवळ आहे आणि तेथे मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञानाची शासकीय संस्था आहे. ताण असह्य झाला, झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर ‘लोक काय म्हणतील’ हा विचार बाजूस सारून डॉक्टरांकडे जावे. त्या दुखण्यावर खरे उपचार आहेत.

एक गोष्ट शेवटी स्पष्ट करणे आम्हांस आवश्यक वाटते. तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्यास किंवा वखारीत घाम गाळणाऱ्या भगिनीस दोष देण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. त्यांना दुसरे किफायतशीर पीक आणि दुसरे काम मिळाल्याखेरीज नुसत्या उपदेशाने काही साधणार नाही. परंतु जे पान विकून आपण पोट भरतो, ते आपल्याच तोंडात घालण्याची सक्ती आपल्यावर कोणी केलेली नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार कर्नाटकात शंभरांतील तेवीस आणि महाराष्ट्रात सत्तावीस प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. सीमेच्या अलीकडचे असोत वा पलीकडचे, त्यांतील कितीतरी जण आपण ताण हलका करीत आहोत, अशाच समजुतीत असतील.

आमच्या म्हणण्यावर केवळ विश्वास ठेवावा असे नाही. प्रत्येकाने स्वतः पडताळा घ्यावा. चार दिवस एक छोटी वही जवळ ठेवावी. चिमूट घेण्याची इच्छा होईल तेव्हा वेळ लिहावी, आणि शेजारी गेल्या घटकेत खरोखर काही काळजीचे घडले का, तेही लिहावे. निवांत रविवारची नोंद आणि बाजाराच्या दिवसाची नोंद शेजारी शेजारी ठेवून पाहावी. जेथे काळजीचे काहीच घडलेले नाही, तेथेही दर दीडदोन तासांनी इच्छा होत असेल, तर हात चंचीकडे कोणी नेला हे वेगळे सांगावे लागणार नाही.